नातीचे आजारपण आणि ज्येष्ठांचा शब्द

कर्करोग या शब्दाशी आपल्या पिढीची ओळख झाली ती फार निराळ्या काळात. आळीतल्या कुणाला तरी मुंबईला नेले, असे कानावर येई. काही महिन्यांनी ते गृहस्थ परत येत ते अंथरुणाला खिळूनच, आणि मोठी माणसे रोगाचे नावही न घेता आवाज खाली करून बोलत. पुढे आपल्याच वयाच्या आप्तस्नेह्यांत हा आजार दिसू लागला आणि हा उतारवयाचा, बहुधा तंबाखूचा किंवा दुर्लक्षाचा रोग, अशी समजूत पक्की झाली. अशा मनाला एखाद्या सकाळी फोनवरून कळते की, चार वर्षांच्या नातीला रक्ताचा कर्करोग आहे. त्या क्षणी आपला आयुष्यभराचा अनुभव एकच निष्कर्ष सांगतो. लहान मुलांच्या बाबतीत तो निष्कर्ष चुकीचा आहे, आणि घरातील ज्येष्ठ तो धरून बसले तर त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते. म्हणून या वेळचा स्तंभ आजी-आजोबांसाठी आहे.

एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना जगात दरवर्षी कर्करोग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रुग्णालयात त्याला सरळ ‘ए-एल-एल’ म्हणतात. हाडांच्या पोकळीतील ज्या मगजात रक्त तयार होते, त्या अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. दोन ते पाच या वयात तो अधिक दिसतो. संपन्न देशांत या आजाराची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडील चांगल्या केंद्रांतही उपचार पूर्ण करणारी बहुसंख्य मुले बरी होतात. ‘उपचार पूर्ण करणारी’ या शब्दांकडे आपण लक्ष द्यावे. हे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या शब्दाची खरी कसोटी त्या दीर्घ काळात लागते.

पंढरपूरजवळच्या एका गावातील कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने येथे सांगते आहे. नावे त्यांच्याच इच्छेने गाळली आहेत. आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक, म्हणून सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. मुलाचे किराणा दुकान आहे. सून, आठ वर्षांचा नातू, चार वर्षांची नात आणि आजी असे हे घर. नात काही आठवडे किरकिर करीत होती. ताप येई आणि जाई. तोंड फिकट दिसू लागले, पायावर काळेनिळे डाग उमटले, आणि एके दिवशी तिने चालायचेच नाकारले; पाय दुखतात म्हणून आजीच्या कडेवरून उतरेना. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही. फिकटपणा, ताप आणि पायदुखी यांची शेकडो साधी कारणे असतात. पण ही तीन लक्षणे एकत्र आली, त्यात अंगावर डाग किंवा मानेत गाठी दिसल्या आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर साधी रक्तपेशींची तपासणी करून घ्यावी. या मुलीच्या बाबतीत तिसऱ्या डॉक्टरांनी तीच करवली, आणि त्याच संध्याकाळी तिला मुंबईला नेण्यास सांगितले.

मुंबईत अस्थिमज्जेची तपासणी होऊन निदान पक्के झाले त्या रात्री गावातील घरात एक प्रश्न उभा राहिला, जो बहुतेक घरांत राहतो: हे कशामुळे झाले? आजींना आठवले की, सून या मुलीच्या वेळी पोटुशी असताना ग्रहण आले होते आणि ते नीटसे पाळले गेले नव्हते. फोनवर त्यांनी ते बोलून दाखवले. पलीकडून सून काहीच बोलली नाही. पुढे कित्येक दिवस ती सासूशी कामापुरतेच बोलत राहिली.

या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर स्पष्ट आहे. बहुसंख्य मुलांत हा आजार का होतो याचे एक कारण दाखवता येत नाही. वाढत्या पेशीच्या गुणसूत्रांत योगायोगाने झालेले बदल त्याच्या मुळाशी असतात. तो स्पर्शाने पसरत नाही. आई-वडिलांकडून वारशाने आलेला असतो असेही फार क्वचित. गर्भारपणी आईने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसलेल्या आईने हा प्रश्न स्वतःला आपणहून शंभर वेळा विचारलेला असतो. सासूच्या तोंडून तो एकशे एकाव्यांदा ऐकण्याची तिला गरज नसते. गुरुजींनी हे उत्तर डॉक्टरांकडून समजून घेतले आणि पुढल्या भेटीत आजींना सुनेसमोर बसवून सांगितले, “तिच्याकडून काही चुकलेलं नाही, तुमच्याकडूनही नाही. हा विषय आता या घरात परत निघायचा नाही.” वडीलधाऱ्यांच्या शब्दाचा हा पहिला उपयोग.

आता थोडे औषधांविषयी, कारण आपल्याला जुन्या गोष्टी आवडतात आणि ही गोष्ट आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचते. १९४८ पर्यंत या आजाराची मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. त्यावर औषधच नव्हते. त्या वर्षी बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० मुलांना काही काळ उतार पडला होता. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते वारले. आपल्या देशात त्यांचे नाव अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते. आज मुलांना दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे त्याच ॲमिनोप्टेरिनचे भावंड.

दुसरे औषध व्हिन्क्रिस्टिन. ते १९६३ पासून वापरात आहे आणि सदाफुलीपासून मिळते. होय, आपल्या कुंडीत, तुळशीवृंदावनाच्या कडेला, कुंपणाशी बारा महिने फुलणारी तीच गुलाबी-पांढरी सदाफुली. हे कळले की अनेक घरांत एक विचार येतो, तसा याही घरात आला: मग पाल्याचा काढा का देऊ नये? आपल्यापैकी काहीजण मधुमेहासाठी तिची फुले चघळतात, हेही मला ठाऊक आहे. कृपया मुलाला काढा देऊ नये. टनभर वाळलेल्या पानांतून हे औषध जेमतेम काही ग्रॅम निघते. ते शुद्ध करून, मुलाच्या उंची-वजनावरून हिशेब मांडून, मिलिग्रॅमच्याही अंशात शिरेतून देतात. मात्रा किंचित वाढली तर नसांना इजा होते. पाल्यात इतरही अनेक विषारी द्रव्ये असतात आणि ती यकृतावर भार टाकतात. मुलाच्या यकृताला आधीच रोज तीव्र औषधे पचवायची असतात. म्हणून गुळवेल, भस्मे, परगावच्या वैद्याच्या पुड्या यांपैकी काहीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून पोटात जाऊ नये. विचारायला संकोच वाटू देऊ नये. मुलांच्या कर्करोगाचे डॉक्टर असे प्रश्न रोज ऐकतात आणि लपवून दिलेल्या काढ्यापेक्षा विचारलेला प्रश्न त्यांना केव्हाही बरा वाटतो.

मुंबईतील पहिले काही महिने म्हणजे संसार दोन ठिकाणी वाटला जाण्याचे दिवस. आई-वडील आणि मुलगी तिकडे. दुकान, म्हैस, नातू आणि दोन वृद्ध इकडे. बाहेरगावच्या कुटुंबांना राहण्याची सोय हा पहिला यक्षप्रश्न असतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी अनेक दशके आसरा देत आली आहे. बाल रुग्णांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून विनामूल्य निवास देते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णाला व सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत मिळते. यांतले काहीही आपोआप मिळत नाही. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन विचारावे लागते, शिधापत्रिका, आधार कार्ड, दाखले गोळा करावे लागतात. येथे गुरुजींचे आयुष्यभर कागद सांभाळण्याचे वळण कामी आले. मुलाला एकदाही दाखल्यासाठी गावी परतावे लागले नाही. दुकान त्यांनी सकाळ-संध्याकाळ उघडे ठेवले. उधारीच्या वह्या मात्र त्यांना कधीच जमल्या नाहीत, असे त्यांचा मुलगा हसून सांगतो.

पहिल्या महिन्यात मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. त्यांचा परिणाम ज्याने पाहिला नाही त्याला तो खरा वाटत नाही. ही चिमुरडी रात्री दोन वाजता उठून वरणभात मागे, पाचला पुन्हा उठून काहीतरी खारट मागे, आणि द्यायला दोन मिनिटे उशीर झाला तर आईला चावे. चेहरा चंद्रासारखा गोल झाला, पोट सुटले. फोनवर तिचा फोटो पाहून गावातील बायका म्हणाल्या, “बघा, कसं बाळसं धरलंय!” आजींनाही तेच वाटले. तो औषधाने आलेला फुगवटा असतो आणि गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत ओसरतो. त्यानंतर मुलगी पुन्हा हडकुळी दिसू लागली की घरातील मोठ्यांनी घाबरून जाऊ नये आणि आईला ‘तू खायला घालत नाहीस’ असेही म्हणू नये. चिडचिडही औषधाचीच असते. त्या दिवसांत शिस्त लावण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नसतो.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. आई-वडिलांनी मुलीला आधीच सांगितले होते की, औषध केसांना काढून टाकील आणि ते नंतर परत येतील. मुलांना एवढे पुरते. आपल्या पिढीला मुलांशी आजाराविषयी बोलणे अवघड जाते. ‘काही नाही, ताप आलाय’ म्हणून वेळ मारून नेण्याची आपली रीत आहे. पण चार वर्षांचे मूल आई रडलेली ओळखते, आणि कुणी काही सांगत नाही याचा अर्थ ‘माझ्यावर सगळे रागावलेत’ असा लावते. आजाराचे नाव सांगावे. सुई टोचणार असेल तर ‘दुखणार नाही’ असे सांगू नये, ‘थोडं दुखेल, मी हात धरीन’ असे सांगावे. आजी पहिल्यांदा भेटीला गेल्या तेव्हा नातीचा गुळगुळीत गोटा पाहून त्यांना रडू फुटेल, अशी सर्वांना धास्ती होती. त्या म्हणाल्या, “अगं, तुझं जावळ काढलं तेव्हा अगदी अशीच दिसत होतीस. तेव्हा बोंब मारली होतीस मात्र.” मुलीला ही गोष्ट इतकी आवडली की वॉर्डातील प्रत्येक मुलाचे जावळ केव्हा काढले याची ती चौकशी करू लागली.

आणि मग तो दिवस आला, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. पहिला महिना संपताना अस्थिमज्जा पुन्हा तपासली आणि अहवाल आला: रोगपेशी दिसत नाहीत. मुलगी हिंडूफिरू लागली होती, ताप नव्हता, पाय दुखत नव्हते. गावात पेढे वाटावे की काय, इथपर्यंत गोष्ट आली. त्यानंतर चार-आठ दिवसांत गुरुजींचे थोरले बंधू आणि दोघे मेहुणे बैठकीत येऊन बसले. मुलगी बरी झाली आहे, तर आणखी दोन वर्षे विषारी औषधे कशाला? पोराचा धंदा बसत चालला आहे. शेताचा तुकडा विकायची वेळ येईल. नातवाचे शिक्षण आहे. एकाने, आवाज किंचित खाली आणून, पुढचे वाक्यही बोलून टाकले: “शेवटी पोरीची जात. किती घालायचं?”

वाचकहो, हे वाक्य कोणत्या एका गावचे नाही. आपल्या देशातील मोठ्या कर्करोग रुग्णालयांत येणाऱ्या मुलांमध्ये मुलींची संख्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी असते. आजार मुलींना इतका कमी होत नाही. त्या रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत. हे निर्णय बहुधा तरुण आई-वडील एकटे घेत नाहीत. ते बैठकीत होतात, आणि तेथे आपण बसलेलो असतो.

गुरुजींनी डॉक्टरांकडून जे समजून घेतले होते ते आपणही समजून घ्यावे. निदानाच्या वेळी या मुलांच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगपेशी असतात. पहिल्या महिन्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली एकही दिसत नसली तरी एक हजार कोटींपर्यंत पेशी मागे उरलेल्या असू शकतात. डॉक्टर याला ‘रेमिशन’ म्हणतात. आजार नजरेआड झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्या टप्प्यावर उपचार सोडले तर आजार उलटणे जवळजवळ ठरलेले असते, आणि उलटलेला आजार पहिल्यापेक्षा फार चिवट असतो. फार्बर यांच्या मुलांचेही असेच झाले होते. १९६२ मध्ये अमेरिकेत मेम्फिस येथे सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी यावर मार्ग शोधला: अनेक औषधे एकत्र द्यायची, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दडलेल्या पेशींवर वेगळे उपचार करायचे, आणि आजार दिसेनासा झाल्यावरही औषधे दीर्घ काळ चालू ठेवायची. त्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या उपचारांनी निम्मी मुले कायमची बरी झाली. आज आपल्या नातीच्या पाठीच्या कण्यात सुई घालून औषध देतात ते याच कारणाने. पाठीतील त्या सुईने मूल अधू होते, ही केवळ भीती आहे.

बैठकीत गुरुजींनी लाख कोटींचा हिशेब सांगितला नाही. ते म्हणाले, “दादा, हरळी वरवर खुरपून रान स्वच्छ दिसतं. पाऊस पडला की काय होतं, तुम्हीच सांगा.” शेती करणाऱ्या माणसांना पुढे काही सांगावे लागले नाही. आणि पोरीच्या जातीविषयी ते इतकेच म्हणाले की, पस्तीस वर्षे वर्गात हजेरी घेताना त्यांनी दोन वेगळ्या वह्या कधी केल्या नव्हत्या. शेताचा तुकडा विकावा लागला नाही, परंतु म्हैस विकावी लागली. मुलाला हे सारे बोलणे बऱ्याच काळाने कळले. त्याच्यापर्यंत ते पोहोचू न देणे हेसुद्धा वडिलांचेच काम होते.

सात-आठ महिन्यांनी मुलगी गावी आली. जोरकस उपचार संपले होते. आता दीड-दोन वर्षे घरीच गोळ्या आणि ठरावीक काळाने मुंबईची फेरी. डॉक्टर याला ‘मेन्टेनन्स’ म्हणतात. मूल अंगणात खेळते, शाळेत जाऊ लागते, आणि म्हणूनच हाच टप्पा ढिलाईचा ठरतो. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज द्यायची असते. अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले की, शंभरांतील पाचाहून अधिक मात्रा चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका लक्षणीय वाढतो. शेजारच्या गावातील दुसऱ्या रुग्ण मुलाची मात्रा वेगळी असेल तर गोंधळून जाऊ नये; काही मुलांना, विशेषतः आशियाई वंशाच्या, हे औषध जनुकीय कारणाने अधिक बाधते आणि डॉक्टर रक्त तपासून मात्रा कमीजास्त करतात. मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच असते. ती गोळी चुकून रोज दिली गेली तर जीवावर बेतते. आपल्यापैकी ज्यांना संधिवातासाठी हीच गोळी चालू आहे त्यांना हे ठाऊक असेलच. त्यांनी आपली पाकिटे मुलाच्या औषधांजवळ कदापि ठेवू नयेत. या घरात गुरुवार ठरला होता. भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येक गुरुवारी लाल गोल आणि रोजच्या गोळीसाठी निळी खूण. खूण करण्याचा मान नातवाचा.

या नातवाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. बहीण मुंबईला गेली तेव्हा त्याला कुणी काही सांगितले नव्हते. तो अंथरूण ओले करू लागला, शाळेत मारामाऱ्या करू लागला. एका रात्री आजीच्या कुशीत त्याने विचारले, “मी तिला झोक्यावरून ढकललं होतं, म्हणून तिचं रक्त खराब झालं का?” आठ वर्षांच्या मुलाने हे ओझे तीन महिने एकट्याने वाहिले होते. आजारी मुलाच्या भावंडांत हे वारंवार आढळते: आपल्यामुळेच झाले ही भीती, आणि त्याच वेळी सारे लक्ष, खेळणी, फोन तिलाच का हा राग. आई-वडिलांजवळ त्यासाठी सवड नसते, ती आजी-आजोबांजवळ असते. आजींनी त्याला रोज संध्याकाळी अर्धा तास दिला, ज्यात बहिणीचा विषय त्यानेच काढला तर निघे. त्यांच्या मते त्या दोन वर्षांतले त्यांचे खरे काम एवढेच होते. मला ते सर्वांत मोठे वाटते.

आता ज्यावर आपल्यालाच पहारा ठेवायचा आहे अशा काही गोष्टी. या मुलांना संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक भरला तर ते रात्रीचे दोन वाजलेले असोत वा घरात सत्यनारायण असो, तत्काळ रुग्णालयाला फोन करून निघावे. ‘सकाळी बघू’ या आपल्या सवयीच्या शब्दांना या दोन वर्षांत घरात थारा नाही. आधी घरचे तापाचे औषध देऊन वाट पाहू नये, कारण आकडा उतरतो आणि संसर्ग आतल्या आत वाढतो. अन्न ताजे, शिजवलेले, पाणी उकळलेले, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळे, रस नको. केळे, संत्रे घरी सोलून द्यावे. तीर्थाच्या बाबतीत आजींना जड गेले. वारीहून येणारे लोक चंद्रभागेचे पाणी आणीत. शेवटी त्यांनी नातीच्या डोळ्यांना ते नुसते दाखवायचे आणि तिच्या वाट्याचे तुळशीला घालायचे, असा तोडगा काढला.

ज्येष्ठांना होणारा एक आजार येथे विशेष लक्षात ठेवावा, तो म्हणजे नागीण. नागीण आणि कांजिण्या यांचा विषाणू एकच. आपल्या कमरेवर उठलेल्या फोडांतून तो या मुलांना पोहोचला तर कांजिण्या गंभीर रूप घेऊ शकतात. असे फोड दिसताच मुलापासून दूर राहावे आणि मूल आधी जवळ आले असल्यास त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना कळवावे. जुना खोकला असल्यास आपली थुंकी तपासून घ्यावी. फ्लूची लस आपण टोचून घेतली तर मुलालाही संरक्षण मिळते. आणखी एक: आजारी मुलाला उपचारांच्या काळात जिवंत विषाणूंच्या लशी देत नाहीत, आणि घरातील भावंडांनाही पोलिओचे तोंडावाटे थेंब न देता इंजेक्शनची लस द्यावी लागते. पोलिओ रविवारी दारात आलेल्या ताईंना हे नम्रपणे सांगण्याची जबाबदारी आजोबांनी घ्यावी. औषधांच्या दिवसांत मुलाची उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे वापरावेत. कर्करोगाच्या गोळ्या उघड्या हातांनी कुटू नयेत.

एवढे सारे करताना आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकतात, हेही लिहून ठेवते. आजींनी मधुमेहाची तपासणी वर्षभर टाळली, गुरुजींनी मोतीबिंदू दोनदा पुढे ढकलला. आजी-आजोबांचे दुःख दुहेरी असते: नातीसाठी एक, आणि आपल्याच लेकाला रुग्णालयाच्या जिन्यात डोके धरून बसलेले पाहावे लागते ते दुसरे. त्याविषयी त्यांना कुणी विचारीत नाही. काळजीवाहू वाचकांनी विचारावे.

मुलीचे उपचार संपून आता तीन वर्षे झाली. ती तिसरीत आहे, केस आजीला आवरत नाहीत इतके दाट आले आहेत, आणि झोक्यावरून भाऊ अजूनही ढकलतो. तपासणीसाठी तिला ठरल्या तारखेला मुंबईला न्यावे लागते; काही औषधांचा हृदयावर, वाढीवर उशिरा परिणाम होऊ शकतो, म्हणून या भेटी पुढेही चालू राहतील. उपचार संपताना रुग्णालयाने कोणते औषध एकूण किती दिले याचा लेखी गोषवारा दिला आहे. ती मोठी होऊन कोणत्याही गावी गेली, तरी तेथल्या डॉक्टरांना तो लागेल. तिच्या वडिलांकडे त्याची एक प्रत आहे. दुसरी गुरुजींनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीच्या सातबाऱ्यासोबत लोखंडी पेटीत ठेवली आहे, आणि पेटीची किल्ली कुठे असते ते नातीला दाखवून ठेवले आहे.